रेशनिंग म्हणजे 'शिधावाटप' का?

प्रश्न असा आहे : दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या अमेरिकेतल्या घरगुती जीवनावरच्या लेखाचं भाषांतर करताना 'रेशनिंग'ला 'शिधावाटप' आणि 'रेशन बुक'ला 'शिधापत्रिका' म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते दोन्ही टाळावेत. शिधा म्हणजे डाळ-तांदूळ, पीठ-मीठ, तेल-तूप. रांधायला दिलेलं कोरडं सामान. अमेरिकेत मात्र जानेवारी १९४२ मध्ये रेशनिंग आधी लागलं ते मोटारीच्या टायरांना. जपानच्या मुसंडीमुळे मलाया आणि डच ईस्ट इंडीजमधून येणारं रबर तुटत चाललं होतं. साखरेची पाळी त्यानंतर आली. डिसेंबरात देशभर पेट्रोल मोजून मिळू लागलं, आणि त्यामागचं मुख्य कारणही रबरच : गाड्या कमी धावल्या तर टायर टिकतील. वेगमर्यादासुद्धा ताशी ३५ मैल केली होती. १९४३ मध्ये चामड्याच्या बुटांवर वर्षाला माणशी तीन जोडांचं बंधन आलं. आता टायर, पेट्रोल आणि बूट यांना शिधा कसं म्हणणार?

दुसरी अडचण मला जास्त मोठी वाटते. आपल्याकडे 'रेशनचं धान्य' म्हटलं की स्वस्त धान्य दुकान आठवतं, म्हणजे सरकारने गरिबाला कमी दरात दिलेली मदत. तिथे तसं नव्हतं. माल नेहमीच्याच दुकानात, पूर्ण पैसे मोजून घ्यायचा. वर रेशन बुकातली तिकिटंही द्यायची. कमाल भाव सरकारने बांधून दिलेले असायचे, पण खिशात कितीही डॉलर असले तरी तिकिटांवाचून खाटीक मांस देत नसे. मार्च १९४३ च्या अखेरीपासून मांस, लोणी, चीज यांना लाल तिकिटं लागू लागली आणि सुरुवातीला माणशी आठवड्याला १६ पॉइंट मिळत. डबाबंद भाज्या-फळांना निळी तिकिटं. एकाच वस्तूवर दोन किमती : सेंटमध्ये एक, पॉइंटमध्ये एक. पॉइंटचे आकडे टंचाईप्रमाणे बदलत, म्हणून बाजाराला निघण्यापूर्वी बाई वर्तमानपत्रातला नवा तक्ता बघायची. पॉइंटची मोड म्हणून १९४४ पासून लाल-निळी टोकनं आली. तव्यात उरलेली चरबी डब्यात साठवून खाटकाकडे दिली, तर पैशांबरोबर लाल पॉइंटही मिळत. त्या चरबीतून स्फोटकांसाठी ग्लिसरीन काढत. युद्ध स्वयंपाकघरापर्यंत कसं पोचलं होतं ते या व्यवहारात लख्ख दिसतं. 'शिधावाटप' या शब्दात हे सगळं झाकलं जातं, कारण त्यात देणं आहे, मर्यादा नाही.

म्हणून 'रेशनिंग' हाच शब्द ठेवावा. तो मराठीत मुरलेला आहे. मुंबईतही त्याच महायुद्धात, १९४३ मध्ये, रेशनिंग सुरू झालं होतं. पहिल्यांदा येईल तिथे 'श्रीमंत-गरीब सर्वांना लागू असलेली खरेदीची मर्यादा' एवढा खुलासा वाक्यातच गुंफावा. निव्वळ मराठी शब्दच हवा असेल तर 'नियंत्रित विक्री' चालेल. जरा कोरडा आहे, पण दिशाभूल करत नाही.

'रेशन बुक'ला 'रेशनपुस्तिका' म्हणावं. आपली शिधापत्रिका कुटुंबाची असते. तिथे माणसागणिक वेगळी पुस्तिका होती, अगदी तान्ह्या बाळाच्या नावानेसुद्धा. 'काळा बाजार' मात्र बिनधास्त वापरा : पेट्रोलची खोटी कूपनं छापून विकणारे तिथेही होतेच.