विचारा की! चालत फिरलं की गाव आपलं होतं का?

मागच्या अंकात एका वाचकाला मी लिहिलं होतं, की नव्या गावात करमत नसेल तर गाडी घरात ठेवा आणि चालत बाजाराला जा. त्या एका ओळीवर एवढी पत्रं आली की ह्या वेळचा सगळा कॉलम चालण्यालाच दिलाय. सगळ्यांना उत्तर देणं जमलं नाही, त्यातली चार घेतलीत.

प्रश्न: मी मूळची नाशिकची, लग्न होऊन बेळगावला आले, भाग्यनगरमध्ये राहते, आता दोन वर्षं होतील. नवरा सकाळी कामाला जातो, मी घरातूनच कॉम्प्युटरवर काम करते. माणसं खरंच चांगली आहेत पण मला अजून पाहुणी असल्यासारखंच वाटतं. दुकानांच्या पाट्या कन्नडमध्ये, शेजारच्या अक्का बोलतात ते अर्धंच कळतं. तुमचं वाचून रोज गार्डनमध्ये राऊंड मारते, मोबाईलवर दहा हजार स्टेप्स होतात. वजन उतरलं पण गाव काही आपलं वाटेना. काय करू?

उत्तर: ताई, व्यायाम छान चाललाय, तो सोडू नका. पण गार्डनच्या राऊंडमध्ये गाव कुठं येतंय हो? तिथं सगळेच गोल फिरतात, घड्याळाकडं नाहीतर मोबाईलकडं बघत, कुणी कुणाला थांबवत नाही. आपण गाव बघितलं म्हणजे ते आपलं झालं असं होत नाही, गावानं आपल्याला बघायला पाहिजे, रोज बघायला पाहिजे. त्यासाठी एकच रस्ता धरा आणि एकच वेळ धरा, आणि कानातले इअरफोन काढून ठेवा.

तुमच्या घरापासून सांगते. संध्याकाळी गोवावेसला या, तिथून महात्मा फुले रोडनं शहापूरच्या खडेबाजारात शिरा, आणि चालत कपिलेश्वर मंदिरापर्यंत जाऊन परत फिरा. रस्ता फार लांब नाही पण त्यात काय काय आहे बघा. शहापूर पूर्वी बेळगावात नव्हतंच, ते सांगली संस्थानाचं होतं, म्हणून तिथली पेठ, सोनारांची दुकानं, साड्यांची दुकानं, गल्ल्यांची ठेवण सगळं वेगळं लागतं, आणि बेळगावात वाढलेली माणसंसुद्धा अजून "शहापूरला जाऊन येतो" असं दुसऱ्या गावाला गेल्यासारखं बोलतात. एखाद्या दिवशी वेळ असला तर वडगाव नाहीतर खासबागच्या गल्लीतून या, घराघरातून मागाचा खटखट आवाज येतो, पहिल्यांदा गोंगाट वाटेल, पण काही दिवसांनी तोच आवाज कुठल्या वळणावर सुरू होतो आणि कुठं बंद होतो हे तुमच्या पायाला कळायला लागेल. मला तर गाव ओळखीचं होणं म्हणजे हेच वाटतं.

ह्यामागं शरीराचं पण काहीतरी आहे. आपण कुठं आहोत हे टिपून ठेवणाऱ्या पेशी मेंदूत असतात, जॉन ओकीफ ह्या शास्त्रज्ञानं 1971 साली त्या उंदरांच्या मेंदूत पहिल्यांदा दाखवल्या आणि अशाच पेशींच्या शोधासाठी 2014 चं नोबेल त्याला आणि मोझर पतीपत्नीला मिळालं. म्हणजे आपण फिरतो तसा जागेचा नकाशा डोक्यात खरंच तयार होतो. नकाशा झाला म्हणजे माया झाली असं मी म्हणणार नाही, मायेला माणसं लागतात. म्हणून पिशवी बरोबर ठेवा आणि रोज थोडंच घ्या, आज कोथिंबीर, उद्या लिंबू, परवा गजरा, आणि शक्यतो एकाच बाईकडून. आठवड्याचं सगळं एकदम आणलं की आठवड्यातून एकदाच भेट होते. रोज गेलात की एक दिवस चुकल्यावर ती बाई विचारणार, काल आला नाहीत? त्या प्रश्नाची वाट बघा ताई. नाशिकमध्ये तुम्हाला असं विचारणारी किती माणसं होती आठवून बघा, आणि इथं तसं कोण विचारतंय ते बघा, दोन वर्षं घरात बसून काम केल्यावर पाहुणी वाटणं अगदी साहजिक आहे, त्यात तुमच्या मनाचा काही दोष नाही.

पाट्यांचं टेन्शन घेऊ नका. औषधाचं दुकान तुम्हाला पाटी न वाचता कळतंच की, मग त्याची पाटी बघत चला, तेच अक्षर पुढच्या दुकानावर परत दिसेल, बसच्या पाटीवर दिसेल, असं करत करत कन्नड वाचायला शिकलेल्या कितीतरी सुना मला माहीत आहेत. आणि शेजारच्या अक्कांना संध्याकाळी बरोबर चला म्हणा. त्या "ऊट आतेनरी?" म्हणतील, तुम्ही "जेवलात काय?" म्हणा, रस्त्यावरच्या गप्पांना एवढं पुरतं.

आणि एक सांगायचंय. आपल्याकडं वारकरी पंढरपूरला माहेर म्हणतात, आणि त्या माहेराला चालत जातात. बेळगाव, खानापूर भागातून पण दिंड्या जातात. गाडीनं पटकन जाता येत असताना चालत का जायचं, असं कुणी विचारलं तर जुनी माणसं सांगतात की वाटेतल्या गावांची ओळख होते, मुक्कामाच्या घरातली माणसं वर्षाला वाट बघत असतात. माहेर असं चालून चालून तयार होतं हे मला फार खरं वाटतं. तुम्हाला एक माहेर आईवडिलांनी दिलं, दुसरं इथं पायानं करता येईल.

प्रश्न: मी हिंडलग्याकडं राहते, वय 45. सकाळी एकटी चालायला जाते तर दहाजण विचारतात "कुठं चाललाय?" उगाच चौकशी कशाला, असं वाटून जाणंच बंद केलं.

उत्तर: बंद करू नका हो. आपल्या भागात "कुठं चाललाय" ह्याला कुणी पत्ता सांगत नाही, "हितंच" म्हणायचं आणि पुढं जायचं. विचारणाऱ्यांनी तुम्हाला ओळखलं, एवढाच त्याचा अर्थ. एकटीनं चालणाऱ्या बाईला दहा घरांतून कुणीतरी बघतंय ही सोबतच आहे. पण जो कुणी रोज मुद्दाम थांबवतो, मागं येतो, नको ते बोलतो, त्याला ही सवलत नाही. तिथं रस्ता बदला, घरात सांगा, दोघीतिघी मिळून निघा. कॅम्पातले, म्हणजे लष्कराच्या भागातले, रस्ते सकाळी रुंद आणि मोकळे असतात, मोठी झाडं आहेत, मिलिटरी महादेवाच्या देवळापर्यंत चालणारी बरीच मंडळी असतात, तुमच्याकडनं ते सोयीचं पडेल.

प्रश्न: मी निपाणीचा, वय 23. पुण्यात नोकरीला होतो तेव्हा रूममधले म्हणायचे तू कर्नाटकातला, आणि बेंगळूरला ट्रेनिंगला गेलो तर तिथं मी मराठी. आता घरी आलोय, पण डोक्यातून जात नाही की आपण नक्की कुठले. चालण्यानं हे सुटतं का? मला नाही वाटत.

उत्तर: तुझं खरं आहे, सुटत नाही. 1 नोव्हेंबर 1956 ला तुझ्या आजोबांच्या पिढीला न विचारता तुमचा भाग आजच्या कर्नाटकात घालायचं ठरलं, सीमावादावरच्या महाजन आयोगाचा रिपोर्ट 1967 साली आला, 2004 पासून सुप्रीम कोर्टात केस आहे. एवढ्या वर्षांचं दुखणं तुझ्या सकाळच्या वॉकनं बरं होईल असं सांगितलं तर ती तुझी फसवणूक होईल, आणि घरातल्या थोरांनी जे सोसलं त्याची पण. पण तू विचारलंस की मी कुठला, तर त्याचं उत्तर कोर्टातनं यायची वाट बघत बसू नको.

देवचंद कॉलेजला तू गेलायस का, किंवा तुझे दोस्त तरी गेले असतील. सगळे त्याला निपाणीचं कॉलेज म्हणतात, पण ते आहे अर्जुननगरला, म्हणजे कागल तालुक्यात, कोल्हापूर जिल्ह्यात, महाराष्ट्रात. निपाणीची पोरं किती वर्षं झाली रोज चालत, सायकलनं एका राज्यातनं दुसऱ्या राज्यात लेक्चरला जातात आणि जेवायला परत येतात. तो रस्ता एकदा सावकाश चालून बघ, हद्द कुठं लागते ते पायाला कळतं का बघ. चहा तोच, ऊस तोच, तंबाखूचा वास तोच.

मग हायवेवर ये. 1981 साली शेतकरी नेते शरद जोशींबरोबर तंबाखूच्या भावासाठी शेतकरी ह्याच रस्त्यावर बसले होते, गोळीबार झाला, माणसं गेली. त्यात मराठी बोलणारे होते, कन्नड बोलणारे होते. तुझ्या गल्लीत ज्यांनी ते बघितलंय अशी म्हातारी माणसं अजून असतील, त्यांच्यापैकी एखाद्याला विचार आणि त्यांच्याबरोबर त्या जागेपर्यंत चालत जा. ऐकलेल्यात आणि त्या जागेवर उभं राहून ऐकलेल्यात फार फरक असतो.

आणखी एक, जवळच भोज गाव आहे, जैन मुनी आचार्य शांतिसागर महाराज तिथले. गेल्या शतकात ते अनवाणी चालत दक्षिणेतनं थेट दिल्लीपर्यंत गेले. आज पण तुमच्याकडच्या रस्त्यांवर मुनी विहार करताना दिसतात, पुढं मागं गावातले लोक चालत असतात, पुढच्या गावच्या वेशीवर दुसरे लोक घ्यायला येतात. ते मी जेव्हा बघते तेव्हा मला वाटतं की ही माणसं कुठल्याच घराची नाहीत पण ह्या सगळ्या मुलखाची आहेत. तुला कुणी परत विचारलं की तू कुठला, तर राज्याचं नाव आधी सांगायची गरज नाही. निपाणीचा म्हणून सांग. पण ते सांगताना पोटातनं यायला पाहिजे, आणि त्यासाठी निपाणी तुझ्या पायाखालून गेलेली पाहिजे, दुधगंगा वेदगंगेच्या काठापासून तवंदी घाटापर्यंत.

प्रश्न: नोकरीची सगळी वर्षं पुण्यात काढली, रिटायर होऊन वडगावला आलोय. लहानपणी वडिलांबरोबर शिवारात जायचो तो रस्ताच आता ओळखू येत नाही, बायपासच्या कामानं सगळं बदललं. दोस्त थोडेच राहिलेत. गाव आपलं, पण आपण गावाचे राहिलो नाही असं वाटतं. आता चालायचं तरी कुठं?

उत्तर: दादा, तुमचं पत्र वाचून गलबलून आलं. हालगा-मच्छे बायपाससाठी जी जमीन गेली ती पिकाची जमीन होती, शेतकरी कोर्टात गेले, रस्त्यावर उतरले, त्यांना ते किती लागलंय हे तुम्ही लांब होता म्हणून तुम्हाला आत्ता एकदम दिसलं. वाईट वाटणारच, ते वाटू द्या. "बदल होतच असतात" म्हणून कुणी समजूत काढली तर ऐकायची सक्ती नाही.

पण शिवार सगळं संपलेलं नाही. वडगावहून येळ्ळूरच्या बाजूला सकाळी निघा, पावसाळ्यात बळ्ळारी नाल्याचं पाणी शेतात चढतं तेव्हा नको, दसरा झाला की जा, भात पोटरीतनं बाहेर आलेलं असतं आणि कुणी बासमती लावलेला असला तर वास रस्त्यापर्यंत येतो. बांधावर कुणी काम करत असेल तर थांबा, तुमच्या वडिलांचं नाव सांगा. तुम्हाला नाही ओळखलं तरी वडिलांना ओळखणारा कुणीतरी निघेल, आणि मग तोच सांगेल की कुणाची शेती कुठपर्यंत होती, विहीर कुठं होती, कुठला आंबा तोडला. इतकी वर्षं लांब राहिलेल्या माणसाला हे घरात बसून कुणी सांगत नाही, शिवारात सगळं आपोआप निघतं.

नातवंडं सुट्टीला येतील तेव्हा त्यांना राजहंसगडावर न्या, येळ्ळूरचाच किल्ला आहे. 2023 साली तिथं शिवाजी महाराजांचा मोठा पुतळा बसला म्हणून पोरं आनंदानं येतात. वर सिद्धेश्वराचं देऊळ आहे, तिथनं सगळा मुलूख दिसतो, वडगाव कुठं, आपलं शेत कुठं होतं, बायपास कुठनं गेला, सगळं त्यांना दाखवा, गेलेलं पण दाखवा. गुडघे दुखत असतील तर येळ्ळूरपर्यंत बसनं जा आणि चढ तेवढा चाला, उन्हाच्या आत परत या, पाण्याची बाटली घ्या. आणि पोरांना परत येताना बसमध्ये बसवू नका, तेवढं वडगावपर्यंत चालत आणा.