आंदण दिलेला किल्ला आणि खंदकातला जिन्न

प्रश्न : सोळाव्या शतकातल्या दख्खनवरची, इतिहास, अद्भुत आणि रहस्यकथा यांची मिसळण असलेली एक कादंबरी मी नुकतीच वाचली. तिचे बरेचसे कथानक आमच्या भुईकोट किल्ल्यात घडते. खंदकात कोंडलेला जिन्न, दारूगोळ्याचा हिशेब ठेवणारा वृद्ध कारकून आणि चांदबिबीचा विवाह हे पूर्वार्धात इतके सुरेख गुंफले आहे की, सिद्धेश्वर तलावाकाठून तटाकडे पाहताना मला अजूनही तो कारकून आठवतो. उत्तरार्धात मात्र चार सुलतानांना विजयनगरविरुद्ध एकत्र आणण्याचे काम जिन्नाच्या मंत्राने होते आणि तिथे माझा विरस झाला. मित्र म्हणतात, अद्भुत म्हटले की एवढे चालायचेच. मी फार काटेकोरपणे वाचतो आहे का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : तसे मला वाटत नाही. जिन्न आला म्हणून आपण रागावलेला नाहीत. तो ज्या जागी येऊन बसला, ती जागा आपल्याला खटकली आहे. अद्भुताचे आपल्याला वावडे कधीच नव्हते. १६९७ च्या सभासद बखरीत अफजलखानाच्या प्रसंगी भवानी महाराजांना दर्शन देऊन यशाचे आश्वासन देते. पण म्हणून बखरकाराने चिलखत, बिचवा आणि वाघनखे गाळलेली नाहीत. देवीच्या वरानंतरही सारी तजवीज महाराजांनाच करावी लागते, आणि त्यामुळेच तो प्रसंग वाचताना आजही छाती धडधडते.

या कादंबरीत नेमके उलट झाले आहे. इतिहास पाहा: काही वर्षांपूर्वीच विजयनगरच्या रामरायाला सोबत घेऊन अहमदनगरवर चालून गेलेला विजापूरचा अली आदिलशाह त्याच अहमदनगरच्या हुसेन निजामशाहाचा जावई होतो, चांदबिबीबरोबर सोलापूरचा किल्ला त्याला आंदण मिळतो, आणि जानेवारी १५६५ मध्ये विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा आणि बीदर यांच्या फौजा विजयनगरसमोर उभ्या राहतात. शिवाय या किल्ल्याच्या आंदणाची ही पहिलीच वेळ नव्हे. १५२४ मध्ये आदिलशाही घराण्यातली मुलगी निजामशाहीत दिली गेली, तेव्हाही सोलापूर द्यायचे ठरले होते. ते दिले गेले नाही आणि सोयरीक झालेली दोन्ही घराणी एकमेकांवर उठली. ही जुनी अढी गिळून हुसेनशाह किल्ला सोडायला तयार होतो, त्या रात्री त्याच्या मनात काय चालले असेल, हे कादंबरीकाराने लिहायचे होते. त्याऐवजी मंत्र पुटपुटला जातो आणि पुढचे प्रकरण सुरू होते.

पूर्वार्धाविषयी मात्र मी आपल्याइतका खूश नाही. कारकून मनात राहतो हे खरे, पण त्याची भाषा पुण्याच्या वाड्यातली वाटते. कन्नड आणि दखनी सतत कानांवर पडणाऱ्या माणसाच्या बोलण्यात त्यांचा लवलेशही नसावा, हे सोलापूरकराच्या कानाला पटू नये. (रहस्यकथेचा धागा इतका तकलादू आहे की, खुनी कोण हे मला चौथ्या प्रकरणात कळले.) खंदकाचे वर्णन मात्र निःसंशय उत्तम आहे: उन्हाळ्यात पाणी खाली जाते तसा जिन्नाचा आवाज घोगरा होत जातो, ही कल्पना ज्याने हा परिसर उन्हाळ्यात पाहिला आहे त्यालाच सुचेल. तिथे अद्भुत सोलापूरच्या मातीतून उगवले आहे. मित्रांनी पुन्हा 'चालायचेच' म्हटले, तर त्यांना ते पान आणि मंत्राचे पान शेजारीशेजारी ठेवून वाचायला सांगा.