डिसेंबर अर्धा सरला तरी घरात झुरळं, डास, धान्यातले टोके (भुंगेरे) जोरात. थंडीत हे कमी व्हायला हवेत ना?

भाऊ, तुमचा प्रश्न वाचून हसू आलं, कारण परवा हाच विषय आमच्या चुलीपाशी निघाला होता. तुम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीकडच्या खेड्यात राहता, दरवर्षी दिवाळीनंतर महिनाभरात किडे आपसूक कमी होतात, यंदा उलट वाढलेत, तुरीतही टोके निघाले, तर औषध कोणतं मारू, असं विचारलंय तुम्ही. मी हिंगणघाट आणि समुद्रपूरच्या मधल्या एका गावात राहते. घरी कापूस आणि तूर. किड्यांचं शिक्षण काही नाही, पण चौदा वर्षं हेच कवेलूचं घर झाडते आहे.

सासूबाईंनी एका वाक्यात निकाल लावला: "काहून वं, थंडीच नाई पडली तं किडे झोपतीन कसे?"

त्यांचं बरोबरच आहे, फक्त त्यात एक मेख आहे. आपल्याकडं थंडीतली दुपार कधीच फार गार नसते. नागपूरचं डिसेंबरातलं दुपारचं तापमान सरासरी २८ अंशांच्या आसपास असतं. किड्यांना ते छान मानवतं. त्यांना थोपवते ती रात्र, १२-१३ अंशांची. किड्याच्या अंगात स्वतःची ऊब नसते. हवा गार झाली की त्याचं खाणं, फिरणं, अंड्यातून निघणं सगळं रेंगाळतं. आता ही रात्रच तापली तर? बंगालच्या उपसागरात काही शिजलं की त्याचे ढग आपल्या डोक्यावर येतात आणि दिवसाची ऊब रात्री वर निघून जाऊ देत नाहीत. २०२३ मध्ये ५ डिसेंबरला मिचाँग वादळ आंध्रच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा इकडं ढग आणि पाऊस आला होता ते आठवत असेल. तुरीचा फुलोरा झडला म्हणून सगळे त्यातच होते, घरातल्या डासांकडं कोण बघतो! याच्या उलट २०१८ चा डिसेंबर. २९ तारखेला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. त्या आठवड्यात आमच्या मोरीत एक झुरळ दिसलं नव्हतं. मेली नव्हती ती, फटीत बसून होती. फेब्रुवारीत सगळी हजर झाली.

पण नुसतं हवामानावर ढकलून भागत नाही. आपलं घर डिसेंबरात घर नसतंच, गोदाम असतं. समोरच्या खोलीत कापूस, आतल्या खोलीत धान्य, भिंतीला लागून पऱ्हाटी (कापसाची वाळकी झाडं), गोठ्यात कुटार (भुसा) आणि ढेप (पेंड). शहरातल्या माणसाला किडे बाहेरून येतात, आपण ते बैलगाडीत भरून आणतो.

तुरीपासून सुरू करते, कारण तिथं रोजचं नुकसान आहे. गेल्या सालची तूर भाव येईल म्हणून आम्ही दोन कट्टे (पोती) ठेवली होती. मागच्या आठवड्यात एका चुंगडीत कोपरापर्यंत हात घातला तर आत चक्क कोमट. बाहेर गार, मधात कोमट. हे लक्षण ओळखायला शिका. खूप किडे एका जागी खातात-फिरतात तेव्हा दाणा तापतो, आणि मग बाहेर कितीही थंडी पडो, त्यांना फरक पडत नाही. मूठभर तूर ताटात घेऊन खिडकीपाशी नेली. दाण्यादाण्यावर टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे ठिपके. ती अंडी. मादी दाण्याला अंडं चिकटवते, अळी त्याच्याच खालून थेट दाण्यात शिरते आणि आत बसून डाळ खाते, बाहेरून काही कळत नाही. जेव्हा गोल खिडकी पडलेली दिसते तेव्हा भुंगेरा निघून गेलेला असतो. ३० अंशांच्या आसपास हे सगळं चार आठवड्यांत उरकतं, २० अंशांवर दुपटीहून जास्त वेळ लागतो. म्हणजे नेहमीच्या थंडीत पुढची पिढी निघायला होळी येते. यंदा संक्रांतीलाच निघेल.

याची सुरुवात शेतातच होते, पिकत्या शेंगेवर भुंगेरा अंडी घालतो. म्हणून नवी तूर घरात येईल तेव्हा जुन्या कट्ट्याशेजारी ठेवू नका, एवढं एक केलं तरी अर्धं काम झालं. लागलेली तूर चाळून, उन्हं कडक असतील त्या दिवशी पातळ पसरून वाळवा आणि सरळ डाळ करून टाका. हा भुंगेरा अख्ख्या दाण्यात वाढतो, फोडलेल्या डाळीत त्याची डाळ शिजत नाही (हा विनोद आमच्या यजमानांचा, मला माफ करा). अख्खी ठेवायचीच असेल तर किलोला चमचाभर, म्हणजे ५ मिलिलिटर एरंडेल दोन्ही हातांनी चोळा. तेलकट दाण्यावर अंडं धरत नाही. ज्वारी-गव्हातला सोंडकिडा वेगळा, त्याला तेलाचा तितका उपयोग होत नाही. तिथं नीट वाळवून घट्ट झाकणाची कोठी, झालं.

आता कापूस. तुम्ही प्रश्नात शेवटी सहज लिहिलंय की मुलांच्या पोटावर, हातांवर पुरळ आलंय आणि ढेकूण झाले की काय. भाऊ, घरात कापूस भरलाय का? आमच्याकडं दोन वर्षांपूर्वी हेच झालं होतं. समोरची खोली छतापर्यंत भरलेली, पोट्टे दुपारभर ढिगावर उड्या मारायचे, रात्री तिथंच झोपायचे. चौथ्या दिवशी लाल गांधी आणि रात्रभर खाजवणं. दवाखान्यात खरूज म्हणून मलम दिलं, घरभर लावलं, फरक शून्य. गाद्या उन्हात टाकल्या, बाजा उकळत्या पाण्यानं धुतल्या, एक ढेकूण सापडला नाही.

ढिगावर बारके करडे ढेकूण फिरताना दिसतात, सरकीवर जगणारे, आणि सगळे त्यांनाच शिव्या घालतात. पण अशा खाजेमागं बहुतेकदा डोळ्यांना न दिसणारी एक अतिबारीक कीड, माइट, असते. ती कापसातल्या गुलाबी बोंडअळीच्या अंगावर जगते आणि माणूस जवळ आला की त्यालाही चावते. बोंडअळी जास्त तर ती जास्त, ऊब जास्त तर आणखी जास्त. ढगाळ दिवसांत वेचलेला कापूस दमट असतो, ढिगात तो अजून गरम होतो. (तो दमट कापूस तसाही कामाचा नाही, सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला की गाडी परत.) ती माइट माणसाच्या अंगावर घर करत नाही. मुलांना ढिगापासून दूर झोपवलं, कपडे-चादरी गरम पाण्यात धुतल्या की आठवडाभरात बरं वाटतं. आमच्याकडं तसंच झालं. त्यानंतर कापूस कितीही ठेवा, झोपायच्या खोलीत नाही, यावर मी अडून बसले. भावासाठी थांबायचं तर थांबा, पण गोठ्याच्या बाजूच्या सपरीत. पुरळ तरीही राहिलं तर मात्र डॉक्टरांना कापसाचं आवर्जून सांगा, सांगितल्याशिवाय त्यांना कसं कळणार.

डासांचं थोडक्यात. रांजण-टाकं आठवड्यातून एकदा रिकामं करून घासता का? आणि कूलर? जूनमध्ये बंद केलेला कूलर मागच्या दारी तसाच पडलेला असतो, त्यात अवकाळीचं पाणी साचतं. डेंग्यूच्या डासाची अंडी टाकीच्या कडेला चिकटून कोरडीठाक महिनोन्‌महिने टिकतात, पाणी लागलं की फुटतात. नुसतं ओतून चालत नाही, नारळाच्या काथ्यानं कडा घासायच्या.

झुरळांना फवारा मारून मोठी मरतात, अंड्यांची डबी तशीच राहते. बारक्या तपकिरी झुरळाच्या एका डबीत ३०-४० पिल्लं असतात. मी बोरिक पावडर, कणीक आणि साखर मळून वाटाण्याएवढ्या गोळ्या फ्रिजच्या मागं आणि ओट्याखालच्या फटीत ठेवते, मुलांचा आणि कोंबड्यांचा हात-चोच पोचणार नाही अशा. पंधरा दिवसांनी नव्या. हळू काम होतं, पण होतं. उधई (वाळवी) भिंतीवर चढली असेल तर पऱ्हाटीचा ढीग भिंतीपासून दोन हात सरकवा, तिचा मातीचा पाट मोडा, ती उघड्यावर फार टिकत नाही. उंदरांचा दोष मात्र हवामानाला देऊ नका. सोयाबीन निघालं, शेत मोकळं झालं, ते दरवर्षीच गावात येतात.

औषधाचं विचारलंत म्हणून सांगते. तुमच्या प्रश्नाखाली एकानं लिहिलंय की फवारणीचं उरलेलं औषध पाण्यात टाकून घरात मारा, दुसऱ्यानं धान्यात विषारी गोळी (अॅल्युमिनियम फॉस्फाइडची) टाका म्हटलंय. दोन्ही करू नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर शेतकरी-मजूर गेले, ते उघड्या शेतात, तुमच्याच जिल्ह्यात. बंद खोलीत तेच मारणार? आणि ती गोळी हवेतल्या ओलीनं फॉस्फिन वायू सोडते, त्यावर उतारा नाही. शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसापर्यंत तो भिंतीच्या फटीतून पोचतो. राहत्या घरात ती येताच कामा नये.

थंडी पडली की आपोआप जातील का, असंही विचारलंय तुम्ही. डास आणि झुरळं बरीच दबतील. कट्ट्यातले दबणार नाहीत, ते आपली ऊब आपणच करून बसलेत. आज संध्याकाळी चुंगडीत हात घालून बघा आणि कोमट लागली तर उद्या सकाळीच डाळीच्या चक्कीवर नंबर लावा. आमच्याकडं आत्ताच चार दिवसांची रांग आहे.