पुस्तिकेत दुसरा प्रश्न कुठे आहे?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. आमच्या वाचनगटात बाराजण आहोत, बहुतेक साठीच्या पुढचे. एआय सहायकाशी बोलायचं कसं, हे हसतखेळत शिकवणारी छोटी पुस्तिका लिहायचं काम माझ्याकडे आलंय. अनुक्रमणिका केली : इतिहास, प्रकार, फायदे-तोटे आणि शेवटी ‘उत्तम प्रश्नांचे शंभर नमुने’. यजमानांनी वाचून विचारलं, “आणि बोलायचं कधी?” तेव्हापासून वही मिटलेली आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर : बाई, यजमानांना संपादक नेमा. त्यांनी एका वाक्यात जे पकडलं, ते कळायला मला चाळीस पानं लिहावी लागली. होय, मीही अशी पुस्तिका लिहून बसले आहे. पहिल्या पानावर व्याख्या, दुसऱ्यावर 1950 सालचा गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंगचा ‘यंत्रं विचार करू शकतात का?’ हा प्रश्न, तिसऱ्यावर आकृती. ज्यांच्यासाठी लिहिली, त्यांतल्या एका काकांनी ती परत देताना सांगितलं, “छान आहे हो, पण मला फक्त राजीनाम्याचं पत्र लिहायचं होतं.”

तेव्हा अनुक्रमणिका बाजूला ठेवा आणि बाराजणांना एकेक करून विचारा, ‘कुठलं काम बरेच दिवस टाळताय?’ कुणाला तक्रार अर्ज लिहायचा असेल, कुणाला विमा कंपनीचं चार पानी पत्र समजून घ्यायचं असेल, कुणाला नातवाचा अपूर्णांकांचा गृहपाठ. हीच तुमची प्रकरणं. ज्याचं काम, त्याच्या शेजारी बसा, टाइप त्यालाच करू द्या, आणि झालेलं संभाषण जसंच्या तसं उतरवून घ्या. फसलेलं आधी घ्या.

एक नमुना देते. माझ्या मैत्रिणीला एका सहकाऱ्याला सांत्वनाचं पत्र लिहायचं होतं. त्याची आई गेली होती. तिने टाइप केलं, ‘सांत्वनपत्र लिहून दे.’ आलेल्या पत्रात ‘अपरिमित हानी’ होती, ‘ईश्वर मृतात्म्यास शांती देवो’ होतं, आणि वर ‘या कठीण काळात माझे विचार तुमच्यासोबत आहेत’ हे इंग्रजीतून चालत आलेलं वाक्यही होतं. मैत्रीण म्हणाली, “बघ, याला काही कळत नाही.” आणि पडद्यावरची संभाषणाची खिडकी बंद करायला निघाली.

इथेच पुस्तिका सुरू होते. बहुतेक माणसं पहिल्या उत्तरावर एकतर हात जोडतात नाहीतर हात झटकतात. बोलणं दुसऱ्या प्रश्नापासून होतं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. मी तिला म्हटलं, “मला सांगितलं असतंस तर काय सांगितलं असतंस?” मग तिने लिहिलं, ‘त्याच्या आईला मी दोनदाच भेटले. दोन्ही वेळा त्या माझ्या अक्षराला हसल्या. सहकारी माझ्यापेक्षा लहान आहे, मी त्याला अरे-तुरे करते. चारच ओळी हव्यात, देवाचं नाव नको, जड शब्द नकोत.’ या वेळी आलेल्या चार ओळींतली एक तिने खोडली, एक स्वतःची घातली आणि पत्र पाठवलं. दोन्ही पत्रं समोरासमोर छापा. खाली टीप नको, वाचणाऱ्याला फरक दिसतो.

यातून ‘कुणासाठी, किती, कोणत्या सुरात, काय नको’ हे चार मुद्दे आपोआप हाती लागतात. पण ते चौकटीत टाकून पाठ करायला देऊ नका. शिक्षकांना तो मोह होतो, मला ठाऊक आहे. शंभर नमुन्यांचंही तेच. उतरवलेला प्रश्न दुसऱ्याच्या मापाच्या सदऱ्यासारखा बसतो.

एक प्रकरण मात्र तुम्हालाच लिहावं लागेल, चुकांचं. सहायक कपाटातून पुस्तक काढून उत्तर वाचत नसतो. प्रचंड मजकुरावर तो घडवलेला असतो आणि पुढे कोणता शब्द शोभेल, याचा अंदाज बांधत वाक्य विणतो. त्यामुळे खरं आणि खोटं तो एकाच ठसक्यात सांगतो. 2023 साली न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात दोन वकिलांनी चॅटजीपीटी या एआय सहायकाने दिलेले पूर्वीच्या खटल्यांचे दाखले सादर केले. त्यांतले सहा खटले कधी झालेच नव्हते. न्यायाधीशांनी 5,000 डॉलर दंड केला. ही गोष्ट पुष्कळांना माहीत असते. त्यातला माझ्या आवडीचा तपशील वेगळा आहे : दाखले खरे आहेत का, असं वकिलाने विचारलं होतं. चॅटजीपीटीलाच. त्याने ‘हो’ म्हटलं.

म्हणजे दुसरा प्रश्न कसा नसावा, तेही इथेच कळतं. ‘हे नक्की ना?’ हा प्रश्न यंत्राला विचारून उपयोग नाही. ‘हे मी कुठे तपासू?’ हा बरा, पण मग उठून खरोखर तिथे तपासायला हवं. दुसरी खोड म्हणजे होला हो करण्याची. ‘माझी कविता चांगली आहे ना?’ असं विचारलंत तर कौतुकच येणार. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने एप्रिल 2025 मध्ये त्यातला एक बदल मागे घेतला, त्या बदलाने चॅटजीपीटी फार लाघवी झाला म्हणूनच. ‘यातल्या दोन कच्च्या ओळी दाखव’ असं विचारायला शिकवा.

बाकीचं थोडक्यात. पडद्याची चित्रं छापू नका, बटणं सारखी जागा बदलतात. नवा विषय निघाला की नवं संभाषण उघडायला सांगा, नाहीतर गृहपाठातले अपूर्णांक तक्रार अर्जात डोकावतात. पासवर्ड, ओटीपी, खाते क्रमांक कधीही टाइप करायचे नाहीत, हे एवढंच मोठ्या अक्षरांत. आणि कच्चा खर्डा झाला की गटातल्या सर्वांत कुरकुऱ्या सभासदाच्या हाती देऊन गप्प बसा. तो जिथे मान वर करून तुमच्याकडे बघेल, ते पान पुन्हा लिहा.

प्रश्न : एआयशी बोलताना अरे-तुरे करावं की अहो-जाहो? मला ‘तू’ म्हणवत नाही आणि ‘आपण’ म्हटलं की मुलगी हसते.

उत्तर : हसू द्या. त्याला मान-अपमान नाही, पण तुमचा सूर त्याच्या उत्तरात उतरतो. ‘आपण कृपया’ लिहिलंत तर सरकारी परिपत्रकासारखं मराठी परत येण्याची शक्यता जास्त. मी ‘तू’ म्हणते, वर ‘बोलतो तसं लिही’ असं बजावते. त्याची स्वतःची पंचाईत निराळीच : एका वाक्यात ‘मी सांगतो’, पुढच्यात ‘मी सांगते’. मराठी क्रियापदाला लिंग लपवता येत नाही, तिथे बिचारा उघडा पडतो. मी एकदा त्याला यावरून टोकलं, तर दोनदा माफी मागून तिसऱ्या वाक्यात पुन्हा तेच केलं.

प्रश्न : आजारपणात रात्री झोप येत नाही, तेव्हा मी एआयशी बोलते. घरात सांगितलेलं नाही. यात काही चुकतंय का?

उत्तर : बोलून बरं वाटणं यात लाजण्यासारखं काही नाही. 1966 साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलिझा’ हा संगणकाशी गप्पा मारणारा प्रोग्राम केला. आपलंच वाक्य प्रश्न करून परत फिरवणारा, अगदी साधा. तो कसा चालतो हे त्यांच्या सेक्रेटरीला माहीत होतं, तरी थोडं बोलणं झाल्यावर तिने वायझेनबाउमना खोलीबाहेर जायला सांगितलं. तुम्ही काही पहिल्या नाही.

फक्त ते बोलणं कंपनीच्या संगणकांवर जातं, तेव्हा रिपोर्ट दाखवायचाच असेल तर नाव आणि नंबर झाकून. औषधाची मात्रा त्याच्या सांगण्यावरून बदलायची नाही. उलट त्याच्याकडून डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांची यादी करून घ्या, तिथे तो खरंच कामाचा आहे. आणि झोप येत नाही, हे त्या यादीत सर्वांत वर लिहा.