सौदा झाला, घर भरलेलं

प्रश्न : वकीलताई, मी रेल्वेतून निवृत्त झालो, भुसावळला राहतो. जळगावात वडिलांनी बांधलेलं दुमजली घर आहे. ते विकायचं ठरवलं. वरच्या मजल्यावर एक मास्तर राहतात. त्यांचा अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्सचा करार रजिस्टर केलेला आहे, जूनअखेर संपतो. दोन्ही बाजूंनी एक महिन्याच्या नोटिशीची अट त्यात आहे. त्यांची मुलगी यंदा दहावीला. खाली एक आजी राहतात. त्यांचे यजमान १९९१ मध्ये राहायला आले, पुढे वारले. भाडं ४०० रुपये, दर महिन्याला बिनचूक येतं. कागद म्हणाल तर वडिलांनी दिलेल्या पावत्या, बस. घेणारा म्हणतो, आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, दोन्ही मजले रिकामे हवेत. मी हो म्हणून ५० हजार इसार घेऊन बसलो. पुतण्या म्हणतो, खालचं पाणी तोडा, आठ दिवसांत आजी जातील. काय करू?

— एक वाचक, भुसावळ

उत्तर : भाऊ, आधी त्या पुतण्याला या कामातून बाजूला करा. वाघूर धरणाचं पाणी नळाला येतंय तोवर ते आजींच्या मोरीतही आलं पाहिजे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २९ नुसार घरमालकाला पाणी, वीज असल्या गरजेच्या सोयी तोडता येत नाहीत. आजी कोर्टात गेल्या तर तुम्हालाच नळ जोडून द्यावा लागेल, आणि पुढच्या प्रत्येक तारखेला ती गोष्ट तुमच्या विरोधात निघेल.

आपल्याकडे आखाजीला सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, साल संपतं, हिशेब होतो, नवं साल ठरतं. भाडेकरूचं तसं नाही. माझ्या टेबलासमोर बसून कितीतरी जणांनी हात आपटून सांगितलंय, ‘‘घर मनं शे!’’ घर तुमचंच आहे, ते विकायला भाडेकरूची परवानगीही लागत नाही. पण भाडेकरूला काढण्याची जी कारणं कायद्यात दिली आहेत, त्यांत ‘मला विकायचंय’ हे कारणच नाही.

मास्तरांचं सोपं आहे. ते भाडेकरू नाहीत, परवानगीनं राहतात. करारात अट आहे म्हणजे एक महिन्याची लेखी नोटीस पुरते; स्पीड पोस्टानं पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. फक्त दहावीचे पेपर संपू द्या. नोटीस आखाजीच्या महिनाभर आधी दिली तरी तुमचं काम वेळेत होतं. अनामत रक्कम किल्ली घेताना त्याच दिवशी परत करा, ‘रंगकामाचे कापतो’ म्हणून घोळ घालू नका. मुदत संपूनही ते राहिले तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा अर्जांसाठी सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करता येतो, आणि तेवढ्या काळाची भरपाई ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दरानं मागता येते. मास्तरांवर ती वेळ येईल असं वाटत नाही.

गाठ आहे ती आजींची. कागद नाही म्हणून त्यांचा हक्क कच्चा, असं तुम्ही धरून चाललात. उलट आहे. पावत्या आहेत, भाडं नियमित आहे, आणि यजमान गेले तेव्हा त्या त्याच घरात राहत होत्या, म्हणजे भाडेकरूपण कायद्यानं त्यांच्याकडे आलं. भाडं देत आहेत आणि अटी पाळत आहेत तोवर त्यांना हलवता येत नाही. ‘मला स्वतःला राहायचंय’ असा दावा लावा, असं सुचवणारेही भेटतील. विकायला काढलेल्या घरासाठी तो दावा खोटा ठरेल. घेणाऱ्याला खरोखर राहायचं असेल तर खरेदीखतानंतर तो स्वतः मागू शकतो. तेव्हाही गैरसोय कोणाची जास्त, हे कोर्ट तोलतं. त्यात किती वर्षं जातात ते मी तेहेतीस वर्षं पाहतेय.

तेव्हा रस्ते दोन. एक, खालचा मजला आजींसकट विका. खरेदीनंतर नवा मालक तुमच्या जागी येतो, आजींना लेखी कळवायचं की पुढचं भाडं त्यांना द्या. किंमत कमी येईल, ते गृहीत धरा. दुसरा, आजींशी बोला. भाडेकरूनं जागा सोडण्यासाठी पैसे घेणं या कायद्यात (कलम ५६) चालतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. रक्कम, जागा सोडण्याची तारीख, सगळं लेखी करा. पैसे बँकेतून द्या आणि ताबा पावतीवर त्यांच्या मुलाची किंवा मुलीची साक्षीदार म्हणून सही घ्या. काहीही ठरलं तरी घेणाऱ्याला आजच खरं सांगा आणि सौदा पावती बदलून घ्या. ‘दोन्ही मजले रिकामे’ असं लिहून दिलं असेल तर ५० हजारांवर भागणार नाही.

घर दाखवायला जाताना आधी कळवून, बऱ्या वेळेला जा. कलम २८ तेच सांगतं, पण मला ते कलमाआधी कळलं होतं. धुळ्यात गल्ली नंबर चारमध्ये आम्ही भाड्यानं होतो. एका रविवारी मालक कुणा दोघांना घेऊन थेट चुलीपर्यंत आले. आई कळण्याच्या भाकरी थापत होती. टेपचं एक टोक त्यांनी माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, ‘‘धर गं पोरी.’’ मी धरलं. आपलंच घर मोजतायत हे मला रात्री आई-वडिलांच्या बोलण्यावरून समजलं. आजींकडे जाल तेव्हा एकटे जा, घेणाऱ्याला नेऊ नका.

आणखी एक. घर वडिलांचं म्हणता, बहिणींचा पत्रात उल्लेख नाही. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल तर त्यांचाही तुमच्याइतकाच हिस्सा आहे आणि खरेदीखतावर त्यांच्याही सह्या लागतील. आखाजीला माहेरी येतीलच. पण इसार घेतलाय हे त्यांना त्याआधी फोन करून सांगा.