तुटक नोकऱ्या आणि बायोडेटातल्या तारखा

आपण दिलेला तपशील असा : मेकॅनिकल डिप्लोमानंतर बडोद्याच्या मकरपुऱ्यातील कारखान्यात ठेकेदारामार्फत १४ महिने, मग एका लहान वर्कशॉपमध्ये ५ महिने, सासऱ्यांच्या पक्षाघातामुळे अडीच वर्षे घरी, त्यानंतर वाघोडियाला ८ महिने, आणि आता चार महिने पुन्हा घरीच. दिरांनी नोकऱ्यांच्या तारखा ताणून मधले रिकामे महिने झाकायला सांगितले आहे, तसे करावे का, असे आपण विचारता. करू नये. बडोद्यातल्याच एका कारखान्याच्या कार्मिक विभागात मी बरीच वर्षे काढली, त्या अनुभवावरून हे लिहितो.

पूर्वी जुन्या मालकाच्या शिक्क्याचे पत्र असले की भागत असे. २०१४ पासून पीएफच्या सभासदाला १२ अंकी यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा खाते क्रमांक, मिळू लागला, आणि त्याखालच्या सर्व्हिस हिस्टरीच्या ऑनलाइन पानावर प्रत्येक मालकाचे नाव, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख ओळीने दिसते. आमच्याकडे एकाने बायोडेटात ऑगस्टपर्यंत काम केल्याचे लिहिले होते आणि त्या पानावर मार्च होता. माणूस कामाचा होता, त्याने जोडलेले नमुने आम्ही हातात घेऊन पाहिले होते. पाच महिन्यांच्या खंडाबद्दल त्याला बहुधा कोणी विचारलेही नसते, परंतु खोट्या तारखेखाली शिफारशीची सही करायला आमच्यापैकी कोणीही धजावले नाही.

म्हणून बायोडेटाला हात लावण्यापूर्वी ते पान स्वतः उघडून पाहा. आपल्या बाबतीत तेथे दोन अडचणी निघण्याचा संभव आहे. पहिली म्हणजे, ठेकेदारामार्फत काम केलेल्यांच्या खात्यावर बहुतेक वेळा कारखान्याचे नव्हे, तर ठेकेदाराचे नाव असते. आपण नुसते कारखान्याचे नाव लिहिलेत, तर खरे असूनही ते जुळणार नाही. ‘अमुक कारखाना, तमुक ठेकेदारामार्फत’ असे सरळ लिहावे. त्यात कमीपणा नाही, मकरपुऱ्यात बरीच माणसे अशीच आत शिरतात. दुसरी अडचण वर्कशॉपची. वीसपेक्षा कमी माणसे असलेल्या ठिकाणी सहसा पीएफ लागू नसतो, त्यामुळे ते पाच महिने तेथे दिसणारच नाहीत. त्यांच्यासाठी पगार जमा झाल्याचे बँकेचे उतारे काढून ठेवा. एखाद्या मालकाने सोडल्याची तारीख भरलेली नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती आपल्याला स्वतः ऑनलाइन भरता येते. ती कोरी राहिली, तर एकाच वेळी दोन नोकऱ्या केल्यासारखे दिसते, आणि तो खुलासा देत बसणे खंडाच्या खुलाशापेक्षा अवघड जाते.

हल्ली तारखा गाळून केवळ कौशल्ये मांडणारा बायोडेटा सुचवला जातो. माझे मत त्याविरुद्ध आहे, कारण वाचणारा प्रथम तारखाच शोधतो आणि त्या सापडल्या नाहीत की त्याला वाटते, काहीतरी दडवले आहे. महिना आणि वर्ष लिहा, आणि अडीच वर्षांच्या जागी एक ओळ : ‘कुटुंबातील रुग्णाची पूर्णवेळ शुश्रूषा, आता ती जबाबदारी संपली आहे.’ यातला दुसरा भाग खरा असेल तरच लिहावा, पण नोकरी देणाऱ्याला जाणून घ्यायचे असते ते तेवढेच. आजाराची हकिगत, औषधे, जावांमधली वाटणी यांतले काहीही सांगण्याचे कारण नाही. जागा मात्र कामाला द्या : व्हर्नियर आणि मायक्रोमीटर या मापाच्या साधनांवर कोणते भाग तपासत होतात, नकारलेल्या मालाची नोंद कोण ठेवत असे, ड्रॉइंग स्वतः वाचत होतात की कोणी समजावून देत असे.

मुलाखतीत बहुधा गुजरातीतच प्रश्न येईल, ‘वच्चे शुं करतां हतां?’, म्हणजे मधल्या काळात काय करत होतात? त्याचे उत्तर गुजरातीतच दोन वाक्यांत तयार ठेवावे आणि घरी मोठ्याने म्हणून पाहावे. आपली मराठी घरातली माणसे येथे अडखळतात आणि मग नको तितके बोलून जातात. वाघोडियाची नोकरी कंपनीची बस बंद झाल्याने सोडली, असे आपण लिहिले आहे. ते जसेच्या तसे सांगा, त्या कंपनीविषयी तक्रारीचा सूर न लावता. आणि नव्या ठिकाणी रोज कसे पोहोचणार, हेही त्याच दमात सांगून टाका, कारण पुढचा प्रश्न तोच असणार. रिलीव्हिंग लेटर, म्हणजे नोकरीतून मोकळे केल्याचे पत्र, अजून हाती आले नसेल, तर मुलाखतीची वाट न पाहता या आठवड्यातच ईमेलने मागा आणि त्या ईमेलची प्रत जपून ठेवा.