युरोपातल्या जिप्सी (रोमा) लोकांसाठी चर्च करतं काय? फक्त धर्मांतर?

धर्मांतराचा प्रश्न फारसा नाहीच. स्लोव्हाकिया-स्पेनमधले बहुतेक रोमा पिढ्यानपिढ्या ख्रिस्तीच. पण चर्चमध्येही त्यांना परकंच वागवलं गेलं. 1965 साली पोप सहावे पॉल रोमजवळच्या पोमेझियात त्यांच्या तळावर स्वतः गेले. 2019 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी रोमानियात भेदभावाबद्दल माफी मागितली.

प्रत्यक्ष काम बघायचं तर स्लोव्हाकियातल्या कोशित्से शहरातली लुनिक नऊ ही रोमा वस्ती. पडक्या इमारती, वीज-पाण्याचे वांधे. सालेशियन फादर (आपल्याकडच्या डॉन बॉस्को शाळांचे तेच) तिथेच राहून मुलांमध्ये काम करतात. नुसते कपडे-धान्य वाटून परतण्यापेक्षा हे कितीतरी कठीण. फ्रान्समध्ये तर 1950 च्या दशकापासून पेंटेकोस्टल (प्रोटेस्टंटांमधला एक पंथ) रोमा स्वतःच पाद्री होऊ लागले, ते मला जास्त पटतं.